आतून कडी

अकोल्याहून अमरावतीला जायचं टाळायला पूर्वी एक हुकमी सबब होती: रस्ता. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते मूर्तिजापूर असं, एकपदरी हिशोबानं ७५ किलोमीटरचं, डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं, गिनीज बुकात नोंद झाली आणि माझी सबब गेली. तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यानं मामांकडे चक्कर होते. या जानेवारीत मात्र चक्कर नव्हती, मोहीम होती. मामांना बोचक्यासकट अकोल्याला आणायचं.

डिसेंबरात मामा न्हाणीत चक्कर येऊन पडले. सकाळी सहाला पडले, दुपारी साडेबाराला सापडले. दाराला आतून कडी. दूधवाल्यानं दोन हाका मारल्या, पिशवी दाराला अडकवली आणि तो पुढे गेला. दुपारी पिशवी तशीच लटकलेली पाहून शेजाऱ्यांनी दार फोडलं. हाड मोडलं नाही हे नशीब. मी आयसीयूत सिस्टर आहे. साडेसहा तास म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगायला नको.

रात्रपाळी उरकून, तिळगुळाचा डबा घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले. पोचले तेव्हा मामा अंगणात उकिडवे बसून बाज विणत होते. मामी गेल्यापासूनचा हा उद्योग. उभा जन्म पोरांना इतिहास शिकवलेला माणूस आता ओळखीपाळखीच्या लोकांच्या ढिल्या झालेल्या बाजा आणतो, जुनी सुतळी उकलतो, नवी विणून देतो. पैसे घेत नाही. दोन दोर खालून, दोन वरून, लाकडाला वळसा, मग अंगठ्यानं दाबून घट्ट. अंगठ्याला घट्टा पडलेला.

"बरं झालं आजच आलीस," ते मान वर न करता म्हणाले. "सतरा जानेवारी. आज अँथनीचा दिवस."

"ते लेकरू कडेवर घेतलेले? हरवलेली वस्तू शोधून देणारे?"

"ते पादुआचे. तेराव्या शतकातले, त्यांचा दिवस तेरा जून. त्यांचं मूळ नाव फर्नांदो. पोर्तुगालात ज्या लहानशा मठात ते फ्रान्सिस्कन झाले, तो मठ इजिप्तच्या जुन्या अँथनीच्या नावाचा होता, म्हणून त्यांनी ते नाव घेतलं. नावाचे मूळ मालक हे. चित्रात ओळखायचे तर म्हातारा बघायचा. लांब दाढी, टी आकाराची काठी, घंटा आणि पायाशी डुक्कर."

"डुक्कर?"

"काहून? संताजवळ गायच पाहिजे का?"

"मामा, आपल्या मंडळीत संतांचे दिवस पाळत नाहीत." आमचं घराणं अलायन्स या प्रॉटेस्टंट मंडळीतलं. आमच्याकडे बायबल, गीतं आणि प्रार्थना; संतांच्या तसबिरी कॅथलिकांकडे.

"पाळतं कोण? वाचतो आहे. ओळखीच्या एका फादरांनी पुस्तक दिलं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस, त्यानं लिहिलेलं अँथनीचं चरित्र. अँथनी ३५६ मध्ये वारला आणि थोड्याच वर्षांत हे लिहून झालं. किती वर्षं जगला माहीत आहे? एकशे पाच."

"आमच्या रस्त्याइतकी," मी म्हटलं. "तास आणि वर्षं एवढाच फरक."

मामा हसले. मला वाटलं, मोहिमेला हा मुहूर्त बरा. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वर्ग सुरू केला.

"नाईलच्या काठचं खातंपितं घर. जमीन तीनशे अरूरा, म्हणजे आपल्या हिशोबात दोनशे एकर. नदीकाठची, पिकाऊ. अठरा-वीस वर्षांचा होता तेव्हा आई-बाप गेले. मागे तो आणि एक लहान बहीण. सहा महिनेही झाले नसतील, एकदा चर्चमध्ये शिरला तर मत्तयाचा एकोणिसावा अध्याय वाचणं चालू होतं. श्रीमंत तरुणाला येशू सांगतो, असेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्या अध्यायातला तरुण तोंड पाडून निघून जातो. हा घरी गेला आणि दोनशे एकर गावाला देऊन मोकळा झाला."

"आणि बहीण?"

"तिला व्रतस्थ राहणाऱ्या विश्वासू बायांच्या स्वाधीन केलं."

"तिला विचारलं?"

मामांचा अंगठा दोरावर थांबला. "अथनेशियसनं लिहिलं नाही."

"तिचं नाव?"

"तेही नाही."

"बघा. माणसाला देव सापडायचा असला की घरातल्या बाईची सोय लावून तो निघतो. गाडगेबाबांनी १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. निदान कुंताबाई हे नाव तरी आपल्याला माहीत आहे. हिचं तेवढंही नाही."

"मान्य," मामा म्हणाले. वाद घालणारा माणूस इतक्या लवकर ‘मान्य’ म्हणाला की मला संशय येतो. "पुढे एके ठिकाणी ती परत येते. अँथनी म्हातारा झाल्यावर तिला भेटतो. तीही म्हातारी झालेली, आणि अनेक व्रतस्थ बायांची प्रमुख. ते पाहून त्याला आनंद झाला, असं लिहिलं आहे. पण तुझा प्रश्न त्यानं मिटत नाही. पुढं चांगलं झालं म्हणजे आधी विचारलं होतं असं नव्हे."

मी घरात जाऊन चहा ठेवला. गॅसजवळच्या फळीवर मामीच्या हातचे डबे अजून तिच्याच क्रमानं. चहा घेऊन आले तोवर चार ओळी विणून झाल्या होत्या आणि अँथनी गाव सोडून कबरींत राहायला गेला होता.

"तो पहिला नव्हे बरं का," मामा म्हणाले. "शेजारच्या गावात तरुणपणापासून एकांतात राहणारा एक म्हातारा होता. त्याला पाहून हा शिकला. आधी गावाच्या कडेला, मग कबरींत, मग पस्तिसाव्या वर्षाच्या सुमारास नाईल ओलांडून एका ओसाड किल्ल्यात. दार बंद. वीस वर्षं."

"आणि भाकर?"

"वर्षातून दोनदा मित्र छपरावरून खाली सोडत. त्या मुलखात वर्षभर टिकणारी भाकर करायची रीत होती."

"म्हणजे वर्षातून दोनदा कुणीतरी पीठ मळत होतं, भट्टी पेटवत होतं, ओझं उचलून किल्ल्यावर चढत होतं. त्यांचा एकांत कुठे गेला? मामा, एका माणसाच्या एकांतामागे दहा माणसांची धावपळ असते. तुमच्या एकांतामागे दूधवाला आहे, शेजारी आहेत आणि अकोल्यात मी आहे. डिसेंबरात फोन आला तेव्हा मी पेशंटच्या नळीतून कफ काढत होते. हात थरथरायला लागले, म्हणून दुसरीच्या हाती काम देऊन बाहेर आले."

हे मी मोहिमेच्या शेवटी बोलणार होते. आधीच निघून गेलं.

मामांनी सुतळीचा गुंडा बाजूला ठेवला. "हाच प्रश्न त्यालाही सुचला असावा," ते हळू म्हणाले. "म्हातारपणी तो आणखी आत गेला, तांबड्या समुद्राच्या बाजूच्या डोंगरात. पायथ्याशी झरा, चार खजुरीची झाडं. लोक तिथंही भाकर पोचवू लागले. तेवढ्या उन्हातून आपल्यासाठी माणसं येतात हे पाहून त्यानं कुदळ, कुऱ्हाड आणि थोडं बी मागून घेतलं. जमिनीचा तुकडा शोधला, पेरला, स्वतःपुरतं पिकवलं. मग येणारा-जाणारा दमून येतो म्हणून थोडा भाजीपालाही लावला. तर पाण्यावर येणारी जनावरं वाफे तुडवायला लागली."

"रोही," मी म्हटलं. आमच्याकडे तुरीत शिरलेल्या नीलगायींना शिव्या घालण्यात शेतकऱ्यांचा अर्धा हिवाळा जातो.

"तिकडचे रोही म्हण. त्यानं एकाला धरलं आणि समजावलं: मी तुमचं काही बिघडवत नाही, मग तुम्ही माझं काहून बिघडवता? लिहिलं आहे की पुन्हा आली नाहीत."

"आमच्याकडं एखाद्याला पाठवा."

"तेवढे पुण्यवान आपण नाही. आपण तारा लावू." मामांनी बशीत चहा ओतला. "पण बघ, त्यानं तुझ्यासारखंच बोलणं ऐकलं आणि कुदळ मागितली. एकांत फुकट मिळत नाही, त्याचं बिल कुणीतरी भरतं. होईल तेवढं आपण भरावं."

"तुम्ही भरता?"

"बाजा विणतो."

मला हसू आलं आणि रागही. बाज विणून डोक्याला मार लागायचा थांबत नाही. मी दुसऱ्या बाजूनं शिरले. "मामा, तुमच्या आजोबांची गोष्ट लहानपणी तुम्हीच आम्हाला सांगायचात. १८९९-१९०० चा दुष्काळ. गावात कुणी उरलं नाही म्हणून कुणाच्या तरी बोटाला धरून अकोल्याला आलेलं सहा वर्षांचं पोरगं, मिशनच्या अनाथाश्रमात वाढलं. आपण सगळे त्या पोराचे. ती मिशनरी माणसं त्या वर्षी कुठल्या गुहेत ध्यान लावून बसली असती तर आज बाज विणायला तुम्ही नसता आणि भांडायला मी नसते. इथं अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली आणि तिचं नाव ठेवलं तपोवन! मला तो शब्द तिथंच पटतो. तप करायचं तर माणसांच्या जखमा धुवायच्या. भिंतीकडे तोंड करून बसण्याला मी तप म्हणणार नाही."

"अँथनीही म्हणाला नसता."

"मग वीस वर्षं काय केलं?"

"ते कुणालाच नीट माहीत नाही. बाहेर थांबलेल्यांना आतून झटापटीचे आवाज यायचे, एवढं लिहिलं आहे. अथनेशियस त्यांना सैतान म्हणतो. मी इतिहासाचा मास्तर; मी म्हणेन, एकट्या माणसाच्या डोक्यात जेवढे आवाज असतात तेवढे." ते थोडं थांबले. "पण वीस वर्षांनंतरचं माहीत आहे. ३०५ च्या सुमारास लोकांनी दार फोडलं."

"तुमचं साडेसहा तासांत फोडलं."

"हाव. माझी साधना कमी पडली." ते मनापासून हसले. "लोकांना वाटलं, आतून हाडांचा सापळा निघेल. निघाला तो माणूस ना सुटलेला, ना वाळलेला. एवढी गर्दी पाहून वैतागला नाही आणि हुरळलाही नाही. मला त्या चरित्रातलं हेच वाक्य चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं. पुढे ३११ मध्ये अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांची धरपकड चालू होती, तेव्हा हा डोंगरातून उतरून शहरात गेला. तुरुंगात, खाणीत डांबलेल्यांची सेवा केली. खटले चालत तिथं उभा राहायचा. न्यायाधीशानं हुकूम काढला की एकाही संन्याशानं कोर्टात दिसायचं नाही. बाकीचे लपले. यानं अंगावरचं वस्त्र धुतलं आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या उंच जागी जाऊन उभा राहिला."

"वस्त्र धुतलं?"

"धुतलेलं पांढरं उठून दिसतं ना. लपायचं नव्हतं त्याला."

धुतलेल्या कपड्याचं मला पटलं. ड्यूटीवर जाताना मीही युनिफॉर्म कडक करून घालते, घाबरलेले नातेवाईक आधी कपडे बघतात. पण मामांना तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. "म्हणजे तोही शेवटी सेवेलाच उतरला. मग आधीच का नाही?"

"त्याच्याच लोकांनी सांगितलेली एक गोष्ट ऐक. वाळवंटातल्या साधूंच्या आठवणी पुढं लोकांनी गोळा केल्या, त्यातली आहे. अँथनीला एकदा कळवलं गेलं की शहरात तुझ्या तोडीचा एक माणूस आहे. कोण? एक वैद्य. स्वतःला लागेल तेवढं ठेवतो, उरलेलं गरिबांना देतो आणि दिवसभर देवाचं नाव घेतो."

मी टाळी वाजवायचीच बाकी होती. "संपला वाद! तुमच्या संतापेक्षा आमचा दवाखाना मोठा."

"तोडीचा म्हटलं. मोठा नाही म्हटलं." मास्तरांनी पेपर तपासला. "आणि हे कुणी जपून ठेवलं? वैद्यांनी नाही, वाळवंटातल्यांनीच. आपल्या गुरूला कमीपणा आणणारी गोष्ट चेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. एवढा खरेपणा त्यांना कुठून आला असेल, याचा विचार कर."

उन्हं अंगणात उतरली होती. रस्त्यावरून हुरडा विकणारा ओरडत गेला. मी जरा वेळ गप्प बसले. मग जे विचारायला इतके दिवस धजत नव्हते ते विचारलं. "मामा, अँथनी जवान होता, स्वतःच्या मर्जीनं गेला. तुम्ही मामी गेल्यावर एकटे पडलात. पडणं आणि जाणं एक नाही. तुम्ही दुःखाला साधूचे कपडे घालताय का?"

बराच वेळ नुसता सुतळीचा आवाज.

"पहिलं वर्ष तेच होतं," ते म्हणाले. "दार लावायचो ते कुणी येऊन ‘कसे आहात’ विचारू नये म्हणून. त्यात देवबिव काही नव्हता. मग हे चरित्र वाचलं आणि एका ओळीवर अडलो. आई-बाप जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. सगळे लोक वाचतात की त्यानं वचन ऐकलं आणि निघाला. अरे पण निघाला तो कोण? नुकताच पोरका झालेला पोरगा. त्याच्या घरातही कुणाचे तरी डबे फळीवर असतील. अथनेशियस बिशप होता, त्याला वीर पाहिजे होता. रडणारं पोर त्याच्या कामाचं नव्हतं. मी वाचतो तेव्हा मला ते पोरच दिसतं. दुःखानं दार लावलं असेल, पण वीस वर्षांनी उघडल्यावर आतून दुःख निघालं नाही. मधल्या काळात काय झालं, ते मला पाहायचं आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी विषय जवळ आणला. "आणि त्यासाठी इजिप्तला काहून जायचं? आपली सालबर्डी काय वाईट?"

मामांचे डोळे चमकले. मीच सापळ्यात पाय घातला होता. मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून सालबर्डी. महाशिवरात्रीला तिथं जत्रा भरते, तेवढंच आम्हाला ठाऊक.

"जातो की मी," ते म्हणाले. "महिन्यातून एकदा. भरूचकडून आलेला प्रधानाचा मुलगा, रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघालेला, रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि मग सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षं एकटा राहिला. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी. म्हाइंभटानं लीळाचरित्रात त्या भागाला नावच दिलं ‘एकांक’. इकडे म्हाइंभट, तिकडे अथनेशियस. दुसऱ्यानं लिहून ठेवलं म्हणून दोघांचा एकांत आपल्याला कळला. आणि तुझ्या मघाच्या प्रश्नात रिद्धपूरवाले इजिप्तच्या पुढे आहेत बरं. त्या डोंगरात राहणारी तपस्विनी मुक्ताबाई, तिचं नाव आहे. स्वामींची शिष्या बाइसा आहे. प्रश्न विचारून विचारून स्वामींना बोलतं करणारी महदाइसा आहे, जिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात. म्हाइंभटाला बायांची नावं लिहायला जड गेलं नाही."

"मग तोच एकांत घ्या. घरचा आहे."

"देवाच्या बाबतीत मी अँथनीच्या बाजूचा, शब्दांच्या बाबतीत महानुभावांच्या. काय सुंदर शब्द आहे त्यांच्याकडे: विजन. जिथं जन नाहीत ते. साधकानं रोज विजनाला जायचं, एकट्यानं स्मरण करायचं, आणि..."

"आणि भिक्षेला गावात यायचं," मी वाक्य तोडलं. माझ्या वर्गातली मैत्रीण महानुभाव घरातली होती, एवढं मलाही ठाऊक. "म्हणजे विजन ही दिवसातली एक पाळी झाली. ड्यूटीसारखी. जायचं आणि यायचं."

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच ते मास्तरासारखे पाहत नव्हते. "पाळी," ते म्हणाले. "हे मला सुचलं नव्हतं."

"मला विचारा ना रात्रपाळी. पहाटेचे तीन. आठ बेड, सगळे मॉनिटर एका लयीत वाजतात. कुणी बोलत नाही. घड्याळ बघावं तर तीन वाजून चार मिनिटं. खूप वेळानं पुन्हा बघावं तर तीन वाजून नऊ. वाटतं, ही नोकरीच चुकली. खिडकीतून बाहेर बघत राहावंसं वाटतं. बरोबरची कुणी नीट बोलत नाही असं वाटायला लागतं. सकाळी सहानंतर यातलं काही खरं नसतं."

मामांनी गुडघ्यावर थाप मारली. "इवाग्रियस! ३९९ मध्ये वारला, इजिप्तच्याच वाळवंटात. तुझं वर्णन त्यानं लिहून ठेवलं आहे. फक्त त्याच्याकडे वेळ भर दुपारची. साधूला वाटतं सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला. सारखा दाराकडे, खिडकीकडे बघतो. जेवायची वेळ झाली का बघतो. कोठडीचा वीट येतो, कामाचा वीट येतो, वाटतं की भावांमध्ये माया उरली नाही. त्यानं त्याला दुपारचा सैतान म्हटलं."

"आमचा पहाटेचा आहे. त्याला काय औषध?"

"अँथनीला दिसलेलं. तो एकदा असाच वैतागून बसला होता. बाहेर पाहिलं तर त्याच्यासारखाच कुणी बसून दोरी वळतोय. मग उठून प्रार्थना करतो, मग पुन्हा बसून दोरी वळतो, पुन्हा उठतो. तो देवदूत होता म्हणे. सांगून गेला की असंच कर."

"एवढंच?"

"एवढंच."

मी बाजेकडे पाहिलं. मग आठवलं की तीन वाजता मीही तेच करते. उठते, आठही बेडचे सलाईन मोजते, एखाद्याची चादर नीट करते, नोंद लिहिते, बसते, पुन्हा उठते. बारा वर्षांत हे कुणी शिकवलं नाही आणि याला काही नाव आहे हेही माहीत नव्हतं. पण हे मी मामांना लगेच सांगितलं नाही. जिंकायला आलेल्या माणसानं सगळं लगेच सांगू नये.

"एक शिकाऱ्याची गोष्ट दोघांकडे आहे," मामा म्हणाले. "चक्रधरांकडे पारध्यांपासून पळालेला ससा येऊन मांडीखाली लपतो आणि पारधीच शांत होऊन जातात. अँथनीकडचा शिकारी रागावलेला. एवढा मोठा साधू बाकीच्यांशी हसत-खिदळत बसला आहे हे त्याला पटेना. अँथनी त्याला म्हणाला, धनुष्य ताण. ताणलं. आणखी ताण. ताणलं. आणखी. शिकारी म्हणाला, आता मोडेल. तर माणसाचंही तसंच, म्हणाला."

"पाहा, तुमचाच संत म्हणतो की फार ताणू नका. अकोल्याला चला."

"तो म्हणाला, अधूनमधून सैल सोडा. धनुष्य विकून टाका असं नाही म्हणाला."

मी बाजेवर हात ठेवला. पायथ्याकडच्या ताणाच्या दोरीनं सगळी वीण अजून ओढायची होती. "सैल सोडण्याचं ठरवू मग. तो आतल्या डोंगरात राहायचा, बरोबर? मग बाहेर कधी येत होता?"

"बाहेरच्या डोंगरात त्याचे चेले होते, नाईलकडच्या बाजूला. ठरावीक दिवसांनी तिथं यायचा. भेटायचा, शिकवायचा, परत जायचा."

"अकोला म्हणजे तुमचा बाहेरचा डोंगर. महिन्यातून आठ दिवस."

"पाच."

"आठ. त्यात डॉक्टरांची तपासणी. दुसरं, एक किल्ली शेजाऱ्यांकडे. तिसरं, आतून कडी लावायची नाही. किल्ल्याचं दार फोडायला त्याच्याकडे वीस वर्षं होती, तुमच्याकडे नाहीत."

"कडी लावली नाही तर एकांत कसला?"

"मामा, खजुरीखाली बसला तेव्हा त्याच्याकडे दार तरी होतं का?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दोरीचं एक टोक माझ्याकडे टाकलं. "धर. ओढ म्हटलं की ओढ. एकट्यानं ओढली की वीण तिरपी जाते."

मी पायानं लाकूड दाबून धरलं आणि ओढलं. ते वळसे घालत गेले, प्रत्येक वळशाला "हं" म्हणत, आणि मी प्रत्येक "हं" ला अंग मागे टाकत. अर्धा तास दोघं एक शब्द बोललो नाही. रात्रपाळीनंतरची झोप डोळ्यांत उतरत होती, तरी दोरी सोडवत नव्हती. मग मी त्यांना तीन वाजताच्या आठ बेडांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली, वळसा घातला आणि म्हणाले, "हं."

शेवटी बाजेवर बोटानं टिचकी मारली तेव्हा ती हलगीसारखी वाजली.

जेवून संध्याकाळच्या गाडीला निघाले. मोहीम फत्ते झाली असं म्हणता येणार नाही. बोचकं अमरावतीतच राहिलं, तारखा आठ की पाच हे शेवटपर्यंत ठरलं नाही. शेजारच्या काकूंकडे किल्ली मी स्वतः दिली. फाटक ओढून घेतलं आणि तिथंच थांबले. आत कडी सरकल्याचा आवाज येतो का, कान देऊन ऐकत. शेकडो वर्षांपूर्वी किल्ल्याबाहेर अँथनीचे मित्र असेच थांबत असतील, आत काय चाललं असेल या काळजीनं.

कडी वाजली नाही. अंगणात नवी सुतळी ओढल्याची सर-सर ऐकू आली, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा सर-सर.